सील बदलून ट्रान्सफर वाचत नाही

आमच्या कर्जत-खालापूर पट्ट्यात लावणी आली की जुन्या फोर-व्हील जीपा परत रस्त्यावर दिसतात. आवणाच्या मुठी, खताच्या गोणी, रात्री-अपरात्री वाडीवरचा आजारी माणूस, सगळं त्याच ओढतात. आणि दरवर्षी पारावर तेच ऐकतो, "जुन्या जीपचं ट्रान्सफरच बेकार." मला हे पटत नाही. ट्रान्सफर बेकार नाही, आपली सवय बेकार आहे.

गिअरबॉक्सकडून येणारी सगळी ताकद इनपुट शाफ्टवरून ट्रान्सफर केसमध्ये जाते, तिथून पुढच्या आणि मागच्या चाकांना. म्हणजे गाडीचा सगळा भार या एका शाफ्टवर. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर यांच्यामध्ये इथेच सील असतं. ते गेलं की तेल एकीकडून दुसरीकडे जातं. खाली एक थेंब पडत नाही! आपण म्हणतो लीक नाही. तिकडे एक डबा सुका पडतो, दुसरा भरून वाहतो. म्हणून लेव्हल दोन्हीकडची बघायची, एकीकडची नाही.

माझ्या जीपचं हे सील एका गॅरेजमध्ये दोनदा बदललं. दोन्ही वेळा पावसाळा संपायच्या आत परत तेच. तिसऱ्या वेळी दुसऱ्या मिस्त्रीने माझ्यासमोर खोललं. बेअरिंग ढिलं, शाफ्ट हलतोय, आणि सीलची कड बसते तिथे शाफ्टला खाच पडलेली. अशा शाफ्टवर नवीन सील किती दिवस टिकणार? ताप आला की घाम पुसायचा, तसं चाललं होतं. बेअरिंग बदललं, खाचेवर स्लीव्ह बसवली, तेव्हा थांबलं.

दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. "स्वस्तात करून दे, उद्या लावणी आहे" हे मीच म्हणालो होतो. पण पैसे घेऊन बेअरिंगला हातही न लावणं, हेही बरोबर नाही.

दुसरी खोड, फोर-व्हील टाकून कोरड्या डांबरी रस्त्यावर पळवायची. वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर जातात. चिखलात चाक घसरून ताण सुटतो, डांबरावर सुटत नाही. तो गिअर आणि शाफ्टवर बसतो, लिव्हर निघत नाही. मग थोडी रिव्हर्स घ्या, सुटेल. लाथ मारू नका. चारही टायर एकाच मापाचे ठेवा, नाहीतर सरळ रस्त्यावरही तोच ताण.

ओढ्यातून गाडी काढली की तेल बघा. दुधासारखं पांढरं दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला. प्लग खोलताना आधी भरायचा खोला, मग खालचा. भरायचाच गंजून अडकला तर काढलेलं तेल परत भरणार कुठून? आणि तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच. काहींना 90 नंबरचं गिअर ऑइल लागतं, काहींना पातळ एटीएफ. दुकानदार देईल ते नको.

वेगाबरोबर वाढणारी घरघर, क्लच सोडताना "टक्", लो गिअर आपोआप सुटणं, ही लक्षणं दिसली तर मे महिन्यातच खोला, आणि मिस्त्रीला सांगा, "सील नंतर, आधी शाफ्ट हलवून दाखव."

बैलाचा खूर आपण रोज बघत होतो. लोखंडाला जीव नाही म्हणून बघायचं नाही, असं थोडंच आहे?