तेलविहिरीतील पाणी आणि गुंतवणूकदारांची कसोटी

तेलविहिरीतून तेलाबरोबर पाणी येणे ही असामान्य घटना नव्हे. जमिनीखालच्या खडकांत तेल आणि पाणी एकत्रच असते. तेल हलके असल्याने वर राहते. उपसा वाढला की खालचे पाणी वर सरकते. मुंबई हायसारख्या मोठ्या क्षेत्रात तर दाब टिकवण्यासाठी समुद्राचे पाणी मुद्दाम खडकांत सोडले जाते. मात्र ज्या कंपनीचे सारे उत्पन्न एक-दोन विहिरींवर अवलंबून असते, तिच्या दृष्टीने हेच पाणी अस्तित्वाचा प्रश्न ठरू शकते. ब्रिटनमधील हरिकेन एनर्जी या कंपनीचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

लंडन शेअर बाजाराच्या लहान कंपन्यांसाठीच्या विभागात नोंदलेल्या या कंपनीने शेटलंड बेटांच्या पश्चिमेला समुद्रात लँकेस्टर हे क्षेत्र विकसित केले. येथील तेल वालुकाश्मात नसून, कठीण पायाभूत खडकाच्या भेगांत आहे. ब्रिटनमध्ये अशा खडकातून व्यापारी उत्पादनाचा हा पहिलाच प्रयत्न होता. जून २०१९ मध्ये 'ओका मिझू' या तरंगत्या उत्पादन जहाजावर दोन विहिरींचे तेल येऊ लागले. त्या सुमारास कंपनीच्या समभागाची किंमत ५० पेन्सच्या आसपास होती.

काही महिन्यांतच एका विहिरीतील पाण्याचे प्रमाण वाढू लागले. हे पाणी मुख्य जलस्तराचे नसून, वरच्या भागात अडकून राहिलेल्या मर्यादित साठ्याचे असावे, असे कंपनीचे प्रारंभीचे म्हणणे होते. गुंतवणूकदारांच्या दृष्टीने हा भेद निर्णायक होता. अडकलेले पाणी कालांतराने ओसरते. पण खालचा जलस्तर वर येत असेल, तर तेलाचा थर अपेक्षेपेक्षा पातळ आहे, असा त्याचा अर्थ होतो.

मे २०२० मध्ये ती विहीर बंद ठेवावी लागली आणि सारा भार दुसऱ्या विहिरीवर आला. जूनमध्ये संस्थापक व मुख्य कार्यकारी अधिकारी रॉबर्ट ट्राइस पायउतार झाले. सप्टेंबरमध्ये जाहीर झालेल्या फेरआढाव्यात, विकसित होत असलेल्या भागातील सिद्ध व संभाव्य साठ्याचा अंदाज सुमारे ३.७ कोटी पिंपांवरून १.६ कोटी पिंपांवर आला. तेल व पाण्याची सीमारेषा पूर्वीच्या समजुतीपेक्षा वर असल्याचे मान्य करण्यात आले. त्याच वर्षी कोरोना साथीमुळे तेलाचे दर कोसळले होते. वर्षअखेरीस समभाग पाच पेन्सच्याही खाली गेला होता.

खरे संकट मात्र कर्जाच्या मुदतीचे होते. कंपनीने २०१७ मध्ये २३ कोटी डॉलरचे परिवर्तनीय रोखे विकले होते आणि त्यांची परतफेड जुलै २०२२ मध्ये करावयाची होती. उरलेल्या एका विहिरीच्या बळावर ही रक्कम उभी राहणार नाही, असे गृहीत धरून संचालकांनी पुनर्रचनेची योजना आखली. तीनुसार कंपनीची ९५ टक्के मालकी रोखेधारकांकडे जाणार होती आणि भागधारकांच्या हाती अवघे ५ टक्के उरणार होते.

भागधारकांनी या योजनेला प्रखर विरोध केला. तेलाचे दर सावरत आहेत आणि परतफेडीला अद्याप वर्ष बाकी आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. जून २०२१ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने योजनेस मंजुरी नाकारली. योजना अमलात न आल्यास भागधारकांना यापेक्षा चांगले काही मिळण्याची वास्तव शक्यता आहे, असे न्यायालयाचे मत पडले. पुढे २०२२ मध्ये तेलाने शंभर डॉलरची पातळी ओलांडली आणि कंपनीने त्याच वर्षी जुलैमध्ये कर्ज पूर्णपणे चुकते केले. २०२३ मध्ये प्राक्स समूहाने ती विकत घेतली. भागधारकांच्या पदरात काही पडले खरे. पण २०१९ च्या किमतीशी तुलना करता ते अल्पच होते.

या घटनाक्रमाचे दोन अर्थ निघतात. पाण्याच्या बाबतीत साशंक गुंतवणूकदारांची भीती खरी ठरली आणि खडकाने दिलेले उत्तर कोणत्याही न्यायालयाला बदलता आले नाही. मात्र साठा घटला म्हणजे समभागाचे मूल्य शून्य झाले, हा निष्कर्षही घाईचा होता. त्यात तेलाचा दर आणि कर्जाची मुदत यांचाही वाटा असतो.

भारतातही केंद्र सरकारने २०१५ मध्ये शोध लागलेल्या लहान तेलक्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. त्यातून छोट्या कंपन्यांनाही या व्यवसायाचे दार उघडले. अशा कंपनीत पैसे गुंतवताना केवळ दैनंदिन पिंपांचा आकडा पाहणे पुरेसे नाही. पाण्याचे प्रमाण दरमहा किती वाढते, उत्पन्न किती विहिरींवर विभागले आहे आणि कर्ज केव्हा फेडायचे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवणे हिताचे ठरेल.