एका प्रथिनाचे अर्थकारण

शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतील 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर', संक्षेपाने टीएनएफ, या प्रथिनाला हे नाव १९७५ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दिले. त्याच्यामुळे उंदरांच्या अंगावरील गाठी नष्ट होताना त्यांना दिसल्या होत्या. कर्करोगावरील औषध म्हणून त्याच्याविषयी बाळगलेली आशा फारशी फलद्रूप झाली नाही; नाव मात्र चिकटले. जंतूंचा शिरकाव होताच काही पेशी हे प्रथिन सोडतात व त्यातून दाह निर्माण होतो. हा दाह आवश्यकच असतो. पण तो शमेनासा झाला की सांध्यांतील कूर्चा आणि हाडे झिजतात. आमवातात हेच घडते.

लंडनच्या केनेडी संस्थेतील मार्क फेल्डमन व रवींदर मैनी यांनी या एकाच प्रथिनाला आवर घालून रोग आटोक्यात आणता येतो, हे १९९२ पासूनच्या रुग्णचाचण्यांत दाखवून दिले. ही संस्था धर्मादाय निधीवर चालत असे. अडालिमुमॅब हे पुढचे औषध ज्या तंत्राने तयार झाले, त्यातील ग्रेगरी विंटर यांचे नोबेल-मान्य कार्यही केंब्रिजच्या सरकारी प्रयोगशाळेतले. मूळ ज्ञानाची जोखीम अशी बव्हंशी समाजाने उचलली. नफ्याची वाटणी मात्र त्या प्रमाणात झाली नाही.

अमेरिकेत या औषधाला २००२ च्या अखेरीस परवानगी मिळाली आणि मुख्य पेटंट २०१६ साली संपले. परंतु मात्रा, मिश्रण व निर्मितीपद्धती यांवर शंभराहून अधिक पेटंटे घेऊन ॲबव्ही कंपनीने आपली मक्तेदारी २०२३ च्या जानेवारीपर्यंत टिकविली. २०२२ या एका वर्षात त्याची जगभरातील विक्री २१ अब्ज डॉलरांवर गेली. युरोपात स्पर्धक औषधे २०१८ सालीच आली, तेव्हा वर्षाकाठी सुमारे ४० कोटी पौंडांच्या खर्चातून ३० कोटी वाचतील, असा अंदाज इंग्लंडच्या आरोग्यसेवेने केला होता. मक्तेदारीची किंमत याहून स्पष्ट आकड्यांत क्वचितच दिसते.

भारतात या औषधाचा पहिला प्रतिरूप अवतार अहमदाबादच्या कॅडिलाने २०१४ च्या डिसेंबरात, अमेरिकेतील किमतीच्या सुमारे एकपंचमांश दराने, बाजारात आणला. ही कामगिरी गौरवास्पदच. तथापि हे इंजेक्शन दर पंधरवड्याला, बहुधा वर्षानुवर्षे घ्यावे लागते आणि 'आयुष्मान भारत' योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी आखलेली आहे. घरी राहून उपचार घेणाऱ्या कारकुनाला तिचा उपयोग कितपत?

शिवाय येथे आणखी एक खर्च आहे, जो किमतीच्या चिठ्ठीवर छापला जात नाही. फुप्फुसात सुप्त असलेल्या क्षयजंतूंना पेशींच्या वेढ्यात कोंडून ठेवण्याचे कामही टीएनएफच करते. त्याला रोखले की तो वेढा ढिला पडू शकतो. अशा रुग्णांत क्षय बळावल्याची नोंद २००१ सालीच झाली. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. अमेरिकेत जी केवळ दक्षता, ती येथे उपचाराचा अविभाज्य भागच होय. क्षय एकाच्या अंगावर थांबत नाही, म्हणून हा खर्च अर्थशास्त्राच्या भाषेत निव्वळ खासगी राहत नाही. पहिल्या इंजेक्शनापूर्वीची त्वचाचाचणी, छातीचा एक्स-रे आणि गरज पडल्यास काही महिन्यांची क्षयविरोधी औषधे यांचा भार रुग्णाच्या खिशावर न टाकता सरकारी क्षयनियंत्रण कार्यक्रमाने उचलणे, हे शासनाला परवडण्याजोगे आहे. इंजेक्शनाच्या किमतीच्या मानाने तो भार फारच थोडा आहे.