वाद, वितंडा आणि आपण

मराठीवर प्रेम आहे, एवढ्यावर मराठीच्या बाजूने केलेला प्रत्येक युक्तिवाद खरा मानावा, अशी एक सोयीस्कर समजूत बृहन्महाराष्ट्रात रुजली आहे. ती मराठीला घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्यनिर्णयासाठी होतो तो वाद, निव्वळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा खोडण्यासाठी चालते ती वितंडा. कारणासारखे दिसणारे, पण काहीच सिद्ध न करणारे कारण म्हणजे हेत्वाभास. हा वारसा आपण अभिमानाने मिरवतो. वापरतो मात्र प्रतिपक्षाचे दोष मोजण्यापुरता.

गोव्याचेच उदाहरण घ्या. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. यावरून एक पक्ष म्हणतो, गोमंतकाने मराठी नाकारली. दुसरा म्हणतो, विरोधात मत देणारे मराठीचे वैरी. वास्तविक प्रश्न राज्याचा होता, भाषेचा नव्हता. मराठी वाचणारा विलीनीकरणाविरुद्ध मत देऊ शकत होता आणि घरी कोकणी बोलणारा त्याच्या बाजूने. विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच मतदारांनी त्याच वर्षी पुन्हा सत्तेवर बसवले, हेही दोन्ही पक्ष विसरतात. जो हेतू साध्याबरोबरही राहतो आणि त्याच्या विरुद्धाबरोबरही, त्याला नैयायिक 'सव्यभिचार' म्हणतात. दोघांचाही हेतू त्याच जातीचा आहे.

'कोकणीत ग्रंथ थोडे, म्हणून ती मराठीची बोली' हा दुसरा हेत्वाभास. हाच निकष ग्रंथनिर्मितीपूर्वीच्या मराठीला लावला असता, तर ती तरी भाषा ठरली असती काय? उलट बाजूने 'मराठीचा आग्रह धरणारे सारे परप्रांताचे हस्तक' असे म्हटले जाते. त्यात युक्तिवादाला उत्तर नाही, माणसावर चिखल आहे. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केले आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराची तरतूदही ठेवली. या तरतुदीचा आधार सरळ सांगता येत असताना कोकणीला हिणवण्याची गरज काय?

आपल्या सभांतही असेच चालते. इंग्रजी शाळा निघाली आणि वाचनालय ओस पडले, म्हणून दोष शाळेचा! कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. नोकरीपायी गावे सोडलेली कुटुंबे कोणी मोजली? दोन मुले मराठी वाचत नाहीत, म्हणून पिढीच वाया गेली! शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण सारा भात एकाच भांड्यात शिजलेला असेल तेव्हा.

हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू शाळांत शिकलेली आपली मुले कारण विचारतात. त्यांना एक कारण खोटे आढळले, की आपल्या नऊ खऱ्या कारणांवरचाही त्यांचा विश्वास उडतो. हे नुकसान बाहेरच्या शत्रूने केलेले नाही.

शास्त्रार्थात सिद्धान्तापूर्वी पूर्वपक्ष मांडण्याची शिस्त होती. प्रतिपक्षालाही मान्य होईल अशा शब्दांत त्याचे म्हणणे आधी सांगावे आणि मगच खंडन करावे. आपल्या व्यासपीठांवर एवढा एक नियम तरी पाळला जावा. ज्यांना तो जाचक वाटेल, त्यांना वाद नको आहे, टाळ्या हव्या आहेत.