लघवीचे दुखणे : आता उघड बोलू या



या पानावर एरवी आम्ही गाळप, उतारा आणि पहिली उचल यांवर लिहितो. या वेळी विषय निराळा आहे. कारखान्याच्या पत्रिकेत हा कशाला, असे काहींना वाटेल. पण या दुखण्याचा एक धागा थेट आपल्या उसाच्या फडापर्यंत येतो, म्हणून तो इथेच मांडणे आम्हांला भाग आहे.

बायकांना उन्हाळी लागते. लघवीला जळजळ होते, घडीघडीला जावेसे वाटते, गेले तर चार थेंब, आणि ओटीपोटात कळ. जवळपास निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. त्याचे कारण बाईच्या वागणुकीत किंवा नुसत्या ‘उष्ण पडण्यात’ शोधू नये. बाईची मूत्रनळी जेमतेम ४ सेंटिमीटर असते, पुरुषाची सुमारे २० सेंटिमीटर. त्यामुळे शौचाच्या वाटेवरचे जंतू बाईच्या मूत्राशयात लवकर पोहोचतात. त्यात पाणी कमी प्यायले, लघवी तुंबवून धरली, की जंतूंना वाढायला आयतीच सवड मिळते.

आता फडावरची बाई बघा. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायच्या, उजाडायच्या आत फडात हजर. दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. आडोसा उभ्या उसाचा, आणि तोच ती तोडत चाललेली. फड मोकळा होत गेला की बसायला जागा उरत नाही. मग बाई काय करते? पाणीच पीत नाही. ‘पाणी प्यालं की जावं लागतं, त्यापरीस तहान बरी,’ असे या बायका सरळ सांगतात. कोपीजवळ संडास नाही, पाळीच्या दिवसांत धुवायला पुरेसे पाणी नाही, आणि दवाखान्यात जावे तर खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे, त्यामुळे एकीचा खाडा दोघांना भोवतो. दुखणे अंगावर निघते ते असे.

अंगावर काढलेल्या दुखण्याची पुढची वाट फार वाईट आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. म्हणजे सहांत एक. ओटीपोट दुखते, पांढरे जाते, एवढ्याच तक्रारी घेऊन गेलेल्या बायकाही त्यांत होत्या. इथे एक गोष्ट घरोघरी समजायला हवी. लघवीची पिशवी निराळी आणि गर्भाची पिशवी निराळी. उन्हाळीवर गर्भाची पिशवी काढणे हा इलाज नव्हे. ‘पिशवी खराब झालीय, काढून टाका’ असे कोणी म्हणाले, तर कोणती पिशवी आणि कशाने खराब, हे विचारा, आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय सही करू नका.

बरे, हे फक्त मजुरांचे दुखणे आहे काय? आपल्या सभासदांच्या घरांतही ते आहे, फक्त दाराआड. खोकले, शिंकले, घागर उचलली की लघवी सुटते. दोन-तीन बाळंतपणे झालेल्या किती तरी बायका त्यापायी एस.टी.चा लांबचा प्रवास टाळतात, लग्नकार्याला जात नाहीत. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून सोडून देतात. वास्तविक ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम आहे. एका वेळी आठ, दिवसातून तीन वेळा, निदान तीन महिने नेमाने केला, तर पुष्कळ जणींना उतार पडतो. तो एकदा डॉक्टरकडून किंवा नर्सबाईकडून नीट समजून घ्यावा. अंग बाहेर येत असेल तर आत बसवायची रिंग मिळते. सगळ्यांनाच ऑपरेशन लागते असे नाही.

धन्याचे पाणी, सब्जा, बार्ली खुशाल घ्या, त्याला आमची हरकत नाही. पण जंतू झाले असतील तर ते औषधानेच जातात. सुई मारून घेण्याआधी लघवी तपासायला द्या. पहिली धार सोडून मधली, स्वच्छ बाटलीत. गोळ्या दिल्या तितके दिवस पुऱ्या घ्या, दोन दिवसांत बरे वाटले म्हणून उरलेल्या जावेला देऊ नका. हुडहुडी भरून ताप आला, कुशीत दुखू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, दुखणे मूत्रपिंडाकडे गेलेले असू शकते. गरोदर बाईने जळजळ नसली तरी लघवी तपासून घ्यावी. लघवीतून रक्त गेले, मग दुखो वा न दुखो, ते दाखवलेच पाहिजे. वारंवार उन्हाळी लागत असेल तर साखर तपासावी. पाळी गेलेल्या बायकांसाठी निराळा उपचार आहे, तोही लाजेने राहून जातो. सरकारच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत झाले आहेत, तेव्हा पैशाची सबब घरच्या कर्त्या पुरुषाने सांगू नये.

आता आपल्या कारखान्याकडे येऊ. मजूर मुकादमाचे, कारखान्याचे नव्हेत, असे उत्तर मिळते ते आम्हांला ठाऊक आहे. कागदावर ते चालेल. पण ऊस आपला, फड आपला, आणि भाव घेतो तोही आपणच. टोळ्या जिथे उतरतात त्या प्रत्येक तळावर पत्र्याचे का होईना संडास आणि पाण्याचा टँकर, हंगामात आठवड्यातून एक दिवस गट ऑफिसात बाई डॉक्टर व लघवी-तपासणी, आणि त्या दिवशी गेलेल्या बाईचा खाडा धरायचा नाही, एवढा ठराव आम्ही सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी देत आहोत. मसुदा गट ऑफिसात ठेवला आहे. सातबारा नावावर असलेल्या भगिनी सभासदांनी सहीसाठी मुलाला किंवा मालकांना न पाठवता स्वतः यावे.