ज्याचे जळते त्याला कळते

हा लेख संपादक मंडळाकडे द्यावा की देऊ नये, या विचारात मी चांगले आठ दिवस घालवले. विषयच असा आहे की त्याचे नाव काढताच वर्गातील निम्म्या माना खाली जातील आणि मागच्या बाकांवर खसखस पिकेल. पिकणारी खसखस पिकू दे! विषय आहे स्तनांचा आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा.

ही शस्त्रक्रिया करून घ्यावी का, हा प्रश्न गेले वर्षभर माझ्यापुढे उभा आहे. हौस म्हणून नव्हे. दहावीपासून माझी मान आणि पाठ दुखते. अंतर्वस्त्राच्या पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर कायमच्या खाचा पडल्या आहेत. उन्हाळ्यात स्तनांखालची कातडी घामाने सोलवटून निघते. शाळेत मी खो-खोच्या संघात होते. अकरावीत खेळ सोडला. आईला सांगितले, तर ती म्हणाली, "अगं, बाईच्या जातीला हे चालायचंच. लग्न झालं की होईल सगळं नीट." लग्नाने पाठदुखी बरी झाल्याचे एकही उदाहरण मात्र तिला देता आले नाही!

दुसरीकडून सूर येतो, "ही सगळी फॅशनची थेरं!" असे म्हणणाऱ्यांनी रुमानियाची टेनिसपटू सिमोना हालेप आठवावी. खेळताना अडथळा होतो म्हणून तिने २००९ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ही शस्त्रक्रिया करून घेतली. पुढे २०१८ मध्ये फ्रेंच ओपन आणि २०१९ मध्ये विम्बल्डन तिने जिंकले. विजेतेपदे तिला शस्त्रक्रियेने नव्हे, रॅकेटने मिळवून दिली हे खरेच. पण तिला फॅशनवेडी म्हणण्याचे धाडस कोण करील? आणि प्लॅस्टिक सर्जरी म्हणजे पाश्चात्त्यांचे खूळ, असे मानणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. कपाळाची कातडी वापरून नवे नाक बसवल्याची जी हकीकत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आली आणि युरोपातील वैद्यांनी तोंडात बोटे घातली, ती आपल्या पुण्याच्या परिसरातील होती!

मग मी एका प्लॅस्टिक सर्जन बाईंना भेटले. वाटले होते, लगेच तारीख देतील. पण त्यांनी प्रथम सबुरीच्याच गोष्टी सांगितल्या. वाढ पूर्ण होऊन आकार निदान वर्षभर स्थिर राहिला पाहिजे. वजनही स्थिर हवे, कारण पुढे वजन वाढले किंवा गर्भारपण आले तर आकार पुन्हा बदलू शकतो. आधी योग्य मापाचे, रुंद पट्ट्यांचे अंतर्वस्त्र वापरून आणि पाठीचे व्यायाम करून पाहावेत. (माप चुकीचे घेत होते, हे मला विसाव्या वर्षी कळले. दुकानात मापाविषयी मोकळेपणी विचारायची तरी कुठे सोय असते?)

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन करतात. जादा चरबी, ग्रंथी आणि कातडी काढतात. स्तनाग्राच्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू शक्यतो राखून ते वर सरकवतात. काढलेला भाग तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवतात. व्रण राहतात, बहुधा जहाजाच्या नांगराच्या आकाराचे. वर्ष-दीड वर्षात ते फिकट होतात, पुसले जात नाहीत. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर ते जाड होऊन उठून दिसण्याचा संभव अधिक. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, क्वचित कायमची जाते. पुढे बाळाला अंगावर पाजता येईलच, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. काहींना पुरते पाजता येते, काहींना कमी, काहींना मुळीच नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, जखम लवकर न भरणे, दोन्ही बाजू सारख्या न होणे, हे धोके आहेतच. धूम्रपान करणाऱ्यांना ते अधिक. बैठ्या कामाला एक-दोन आठवड्यांत लागता येते, पण जड उचलणे चार ते सहा आठवडे बंद.

याउलट, ज्या स्त्रियांना त्रास खरोखर वजनाचा असतो, त्यांतील बहुतेकींची मान-पाठ-खांदेदुखी पुष्कळ कमी होते, हेही त्यांनी सांगितले. निघताना व्यवहाराचे दोन शब्द बोलल्या. डॉक्टरांची एम.सीएच. किंवा तत्सम प्लॅस्टिक सर्जरीची पदवी पाहावी, नुसत्या गुळगुळीत पाटीवर जाऊ नये. आणि केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च विमा देत नाही, म्हणून वैद्यकीय गरजेचे लेखी पत्र घेऊन कंपनीला आधीच विचारावे.

हे सारे ऐकून घरी आले आणि स्वतःलाच एक प्रश्न विचारला: मला सुटका कशापासून हवी आहे? पाठदुखीपासून, की बसमधल्या नजरांपासून? प्रामाणिकपणे सांगते, दोन्हींपासून. पण सर्जनची सुरी एकाच दुखण्यावर चालते. नजरा माझ्या शरीरात नाहीत, बघणाऱ्यांच्या डोळ्यांत आहेत. त्यांच्यासाठी मी व्रण का घ्यावेत? खांद्यासाठी मात्र घेईन. माझे मत एवढेच आहे: ही शस्त्रक्रिया लोकांसाठी करू नये, आणि लोकांसाठी टाळूही नये.

मी तूर्त पदवी परीक्षेपर्यंत थांबायचे ठरवले आहे. व्यायाम चालू आहेत. दुखणे तसेच राहिले, तर सगळे धोके माहीत असताना, उघड्या डोळ्यांनी त्या टेबलावर जाईन. आईला बाईंकडे पुढच्या खेपेस बरोबर नेणार आहे. परवा तिने हळूच विचारले, "अगं, तुझ्या आजीचीही पाठ म्हणूनच वाकली असेल का गं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजीला तो कधी कोणी विचारलाच नव्हता.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला