‘मी काम केलो’ आणि आमची व्याकरणे

काही वर्षांपूर्वी फेरतपासणीसाठी माझ्यापुढे आलेल्या एका उत्तरपत्रिकेत ‘मी हा प्रश्न अगोदर सोडवलो’ या वाक्याखाली लाल रेघ होती आणि समासात शेरा होता : ‘व्याकरण नाही’. ‘प्रमाणभाषेत असे लिहीत नाहीत’ एवढाच शेरा असता तर मी पान उलटले असते. पण ‘व्याकरण नाही’ हे भाषेविषयीचे विधान आहे, आणि ते असत्य आहे.

लातूरच्या सीमेलगतच्या अंबाजोगाई-परळी पट्ट्यातून आमच्या वर्गात येणारा मुलगा ‘मी पत्र लिहिलो’, ‘मी चिठ्ठी लिहिलो’, ‘मी भाकर खाल्लो’ असे बोलतो. कर्म नपुंसकलिंगी असो वा स्त्रीलिंगी, क्रियापद कर्त्याशीच जुळते. यात कोठेही धरसोड नाही. भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्त्यानुसार चालते, हा त्या बोलीचा नियम होय. प्रमाण मराठीत ते कर्मानुसार चालते, हाही नियमच. यांपैकी एका व्यवस्थेला व्याकरण आणि दुसरीला व्याकरणाचा अभाव म्हणण्यास शास्त्राधार काय? याच जिल्ह्यात ‘म्या काम केलं’ म्हणणारेही आहेत. तृतीयेचे जुने रूप त्यांनी जपले, प्रमाणभाषेने टाकले. त्यांनाही आम्ही अशुद्धच म्हणतो.

वस्तुतः ज्या नियमाच्या बळावर ही लाल रेघ ओढली जाते तो कसा सिद्ध होतो, हे पाहण्यासारखे आहे. ‘मी काम केले’ यातील ‘मी’ची विभक्ती तृतीया, असे शालेय पुस्तक सांगते. रूप तर प्रथमेचेच! तृतीया कशावरून? प्रयोग कर्मणी आहे म्हणून. प्रयोग कर्मणी कशावरून? क्रियापद ‘काम’शी जुळले म्हणून. म्हणजे येथे विभक्ती प्रत्ययाने ठरलेली नाही. ती वाक्याच्या घडणीने ठरवली आहे. नियम वाक्यातून निघाला, आणि पुढे तोच वाक्यावर न्यायाधीश म्हणून बसवला गेला.

द्वितीया आणि चतुर्थी यांचे तर प्रत्ययही एकच. ‘रामाने रावणाला मारले’ आणि ‘रामाने भिकाऱ्याला पैसे दिले’ यांतील ‘ला’ कोणत्या विभक्तीचा, हे वाक्यार्थाखेरीज कोण सांगणार? पाणिनीय परंपरेत क्रियेशी असलेले कारकसंबंध अगोदर, आणि क्रियापदाने जे व्यक्त केले नाही तेवढेच विभक्तीने सांगायचे, अशी व्यवस्था आहे. आमच्या क्रमिक पुस्तकांनी संस्कृतातून विभक्तींची नावे घेतली, ही दृष्टी मात्र तेथेच ठेवली. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६चे, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११चे. अरविंद मंगरूळकरांनी ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ १९६४ साली मांडला. वर्गातील प्रत्ययांचे तक्ते त्या पुनर्विचाराला बधलेले दिसत नाहीत.

‘बातमी ऐकून त्याला रडू आले’ हे वाक्य घ्या. ‘आले’ हे क्रियापद ‘रडू’शी जुळते, तेव्हा रूढ व्याख्येनुसार कर्ता ‘रडू’. मुख्य क्रियापदाचा कर्ता तोच ‘ऊन’प्रत्ययान्ताचा कर्ता, हाही नियम पुस्तकातलाच. मग बातमी रडण्याने ऐकली काय? ऐकणारा ‘त्याला’ या पदात आहे. ‘रामाला आपली आई आवडते’ यातही ‘आपली’ रामाकडे जाते, आईकडे नाही. ‘ला’ लागलेले पद येथे कर्त्याचे काम करीत आहे. वाक्याने हे स्पष्ट सांगितले. ऐकले नाही ते व्याख्येने.

आता पुन्हा ‘केलो’कडे. ‘मी धडा शिकलो’, ‘मी नाव विसरलो’, ‘मी चहा प्यालो’ ही प्रमाण मराठीतली वाक्ये आहेत. सर्व क्रियापदे सकर्मक, काळ भूत, आणि जुळणी कर्त्याशी! यांना आम्ही ‘अपवाद’ म्हणून मोकळे होतो. ‘तू पुस्तक आणलेस’ यात लिंगवचन कर्माचे आणि ‘स’ कर्त्याचा. त्यासाठी ‘कर्तृ-कर्म संकर’ अशी वेगळी पेटी तयार झाली. पुण्याच्या वाक्याने नियम मोडला तर नियमाला पुरवणी जोडायची, परळीच्या वाक्याने मोडला तर मुलाचे गुण कापायचे, असा हा न्याय आहे. प्रमाणभाषेत मूठभर क्रियापदांपुरती असलेली घडण या बोलीने सर्व सकर्मक क्रियापदांना लावली, एवढेच घडले आहे.

हा कानडीचा परिणाम, मूळ मराठी नव्हे, असा आक्षेप येतो. परिणाम असेलही. कानडीत भूतकाळी क्रियापद कर्त्याशीच जुळते. दखनीतही ‘ने’ गळून ‘मैं खाना खाया’ असे होते, आणि निजामी राजवटीत १९४८ पर्यंत मराठवाड्याच्या कानांवर दखनी होतीच. आजही बीडचे ऊसतोड मजूर हंगामात मुलाबाळांसह कर्नाटकात जातात. पण उगम परका असल्याने व्यवस्था अव्यवस्था ठरत नाही. तसे असते तर इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने मराठी वाक्याचे विश्लेषण करणारे आपण सर्वच अपराधी ठरू.

प्रबंधात ‘केलो’ लिहावे असा माझा आग्रह नाही. प्रमाणलेखन शिकवणे हे माझे काम आहे आणि मी ते करतो. ‘तुझ्या बोलीत क्रियापद कर्त्याकडे पाहते, येथे कर्माकडे पाहावे लागते’, एवढे सांगितले की मुलगा दोन्ही वाक्ये फळ्यावर लिहून दाखवतो. त्या उत्तरपत्रिकेतील शेरा मी खोडला आणि त्याजागी ‘कर्तरी’ असे लिहिले. गुणांत फरक पडला नाही.