स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या ताईंना कोण सांभाळणार?

मुलं पुणे-सुरतेला आणि घरात विसरत चाललेले आई-वडील, हे चित्र धरणगावसारख्या तालुक्याच्या गावालाही नवं राहिलेलं नाही. त्यांना आंघोळ घालणं, भरवणं, रात्री दार उघडून बाहेर पडू न देणं हे काम बऱ्याच घरांत पगारी मदतनीस ताई करतात.

प्रश्न किती मोठा?
२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे अंदाजे ८८ लाख जण.

काम अवघड का?
रुग्ण एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, चिडतो, कधी हात उगारतो, चोरीचा आळही घेतो. हा आजाराचाच भाग आहे, हे घरच्यांना ठाऊक नसेल तर ताईंचं काम जातं आणि नावही खराब होतं.

कायदा काय देतो?
राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. पण नुसत्या नोंदणीनं स्मृतिभ्रंशाचा रुग्ण कसा हाताळायचा, हे कळत नाही.

घरच्यांनी काय करावं?
- आठवड्याची सुट्टी, रात्रीच्या जागरणाचे वेगळे पैसे.
- औषधं आणि सवयी लिहिलेली वही.
- अडचणीत लगेच फोन उचलणारा एक नातेवाईक.
- ताण वाढला तर टेलिमानस १४४१६, ज्येष्ठांसाठी १४५६७.

तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात या ताईंसाठी प्रशिक्षण सुरू व्हायला हवं. ताई थकून काम सोडून गेल्या, तर पहिला फटका रुग्णालाच बसतो.